कीबोर्ड भलतंच उमटवतोय? आधी ते भलतं नीट वाचा

मागच्या जूनमध्ये खानापूर भागातला एक मुलगा लॅपटॉप छातीशी धरून बेळगावातल्या आमच्या शहापूरच्या टायपिंग सेंटरात आला. दोन दिवस पासवर्ड लागत नव्हता. एका दुकानात त्याला सांगितलं होतं की विंडोज गेलंय, फॉरमॅट मारावं लागेल. आत कॉलेजचा प्रोजेक्ट होता आणि बहिणीच्या लग्नाचे फोटो होते. पोरगं रडायच्या बेतात.

मी म्हटलं, "पासवर्ड टाक, आणि शेजारचं ते डोळ्याचं चित्र दाबून धर." त्याने तसं केलं. पासवर्डात त्याने जिल्ह्याचं नाव, बेळगावी, इंग्रजी स्पेलिंगात ठेवलं होतं. रकान्यात दिसलं ते असं: वातोुोनग.

हा कचरा वाटतो, पण तो नीट वाचा. बीच्या जागी व, ईच्या जागी काना, एलच्या जागी त, एच्या जागी ओकार, जीच्या जागी उकार, पुन्हा ओकार, व्हीच्या जागी न, आयच्या जागी ग. मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्डावर (इन्स्क्रिप्ट म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेली बटणांची मांडणी) त्या त्या बटणावर नेमकं हेच अक्षर असतं. म्हणजे मशीन ठणठणीत होतं, पोराची बोटंही बरोबर चालत होती, फक्त लॉगिनच्या पडद्यावर मराठी कीबोर्ड चालू राहिला होता. खाली उजव्या कोपऱ्यातून इंग्रजी निवडलं आणि लॅपटॉप उघडला.

आपल्या भागात हा त्रास जास्त होतो, कारण आपल्याला एकाच बैठकीत तीन लिप्या लागतात. सकाळी पतसंस्थेची नोटीस मराठीत, त्यानंतर तहसीलदारांच्या नावे अर्ज कन्नडमध्ये, मधेच कुणाचा तरी इंग्रजी ईमेल. निपाणीपासून खानापूरपर्यंत कुठल्याही झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात बसा, हेच दिसेल. त्यात घरचा संगणक असेल तर पोरगी शाळेचं कन्नड टाइप करून उठते आणि तिच्या जागी वडील मराठी पत्र लिहायला बसतात. नव्याने शिकणाऱ्याला वाटतं आपल्याच हातून काही तरी मोडलं. बहुतेक वेळा काहीच मोडलेलं नसतं. उमटलेला कचराच सांगतो की दोष कुठे आहे, म्हणून तो बॅकस्पेसने पुसायची घाई करू नका.

पहिली पायरी: हात थांबवा, फोटो काढा

गोंधळ दिसला की माणूस सगळी बटणं दाबून बघतो, आणि एका दोषाचे तीन होतात. थांबा. मोबाइलवर पडद्याचा फोटो काढा. काय लिहायचं होतं ते कागदावर लिहून ठेवा. फाइल सेव्ह करू नका. का ते पुढे सांगतो.

आता नोटपॅड उघडा आणि तिथे एक ठरलेला शब्द टाइप करा. मी सगळ्यांना "बेळगाव" सांगतो. आपल्या ओळखीचा शब्द आहे, आणि त्यात मात्रा, ळ आणि काना असं सगळं येतं. नोटपॅडमध्ये तो नीट उमटला, तर कीबोर्ड ठीक आहे आणि दोष तुमच्या फाइलीत, फाँटमध्ये किंवा त्या प्रोग्राममध्ये आहे. नोटपॅडमध्येही बिघडला, तर दोष भाषेच्या निवडीत किंवा खुद्द कीबोर्डात. एवढ्या चाचणीने अर्धं काम होतं.

दुसरी पायरी: कुठली भाषा चालू आहे ते बघा

विंडोजमध्ये खाली उजवीकडे, घड्याळाच्या जवळ, चालू भाषेची खूण असते: इंग्रजीला इंग्रजी अक्षरं, मराठीला देवनागरी, कन्नडला कन्नड. विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबला की जोडलेल्या सगळ्या भाषांची यादी वर येते. बटण धरूनच ठेवा आणि स्पेसबार एकेकदा दाबत हवी त्या भाषेवर जा.

यादीत भाषेच्या नावाखाली लहान अक्षरांत लेआउटचं, म्हणजे कुठल्या बटणावर कुठलं अक्षर त्या मांडणीचं, नाव असतं. नवी माणसं तिकडे बघत नाहीत, आणि घोळ तिथेच असतो. मराठी एकच असली तरी ती टाइप करायचे रस्ते वेगळे आहेत. इन्स्क्रिप्टमध्ये डाव्या हाताला स्वर, काना-मात्रा, आणि उजव्या हाताला व्यंजनं. फोनेटिकमध्ये उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरं दाबायची. विंडोजमध्ये मराठी जोडली की आपोआप येतो तो इन्स्क्रिप्टच्या घडणीचा कीबोर्ड. मोबाइलवर उच्चाराप्रमाणे लिहायची सवय झालेला माणूस तिथे "वातोुोनग" बघतो आणि घाबरतो. 2019 पासून विंडोज 10 मध्ये मराठी आणि कन्नड दोन्हींचे फोनेटिक कीबोर्ड कंपनीने दिले आहेत. ते भाषेच्या पर्यायांत जाऊन वेगळे जोडावे लागतात.

कुठल्या बटणावर काय आहे हे समजत नसेल तर विंडोज, कंट्रोल आणि ओ ही तीन बटणं एकत्र दाबा. पडद्यावर कीबोर्डाचं चित्र येतं आणि चालू लेआउटची अक्षरं त्यावर दिसतात. प्लॅस्टिकच्या बटणांवर छापलेलं काहीही असो, खरं ते हे चित्र. मी नव्या मुलांना पहिला आठवडा हे चित्र बंदच करू देत नाही.

तिसरी पायरी: कचरा ओळखा

"बेळगाव" हाच शब्द धरून चालू.

तुम्ही इन्स्क्रिप्टच्या बोटांनी टाइप केलंत आणि इंग्रजी अक्षरं आली: वाय, एस, मोठा एन, आय, ई, बी. इथे भाषा इंग्रजीवर राहिली आहे. बदला आणि पुन्हा टाइप करा, बाकी काही करू नका.

उलट, उच्चाराप्रमाणे इंग्रजी बटणं दाबलीत आणि ठिपक्यांच्या गोलावर लटकलेल्या मात्रा दिसल्या. इन्स्क्रिप्ट चालू आहे. व्यंजन नसताना मात्रा आली की संगणक तिला टेकायला तो ठिपक्यांचा गोल काढतो. हा गोल दिसला की शंका कीबोर्डावर घ्यायची, फाँटवर नाही.

तिसरा प्रकार आपल्याकडचा खास आहे. मराठी लिहिताय आणि उमटतंय कन्नड. घाबरू नका, शेजारी कन्नड वाचणारं कुणी असेल तर त्यांना वाचायला सांगा. एकदा माझ्या शेजारच्या कन्नड टायपिस्ट अक्कांना मी असा पडदा दाखवला. त्या चष्मा वर करून म्हणाल्या, "अहो, बेळगावच लिहिलंय की!" इन्स्क्रिप्टची रचनाच तशी आहे. भारतीय लिप्यांना एकच ध्वनिक्रम धरून तो कीबोर्ड बांधला आहे. मराठीत ज्या बटणावर ग, त्याच बटणावर कन्नडचा ग. शिफ्टसह एन दाबल्यावर मराठीत ळ येतो, कन्नडमध्येही ळच. एका लिपीचं इन्स्क्रिप्ट बोटांत बसलं की दुसरी लिपी निम्मी फुकटात मिळते. म्हणून सीमाभागातल्या मुलांनी इन्स्क्रिप्टच शिकावं असं माझं ठाम मत आहे. सुरुवातीचे दहा दिवस जड जातात, पण तेवढं सोसावं.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. कन्नडमध्ये ए आणि ओ यांची ऱ्हस्व आणि दीर्घ अशी दोन-दोन रूपं आहेत. मराठीची मात्रा एस बटणावर आहे, तिथे कन्नडमध्ये दीर्घ एकार येतो. ऱ्हस्व एकार झेड बटणावर. शहराचं कन्नड नाव ऱ्हस्व एकाराने लिहितात, म्हणून मराठीच्या सवयीने कन्नड अर्जात "बेळगावी" टाइप केलंत तर पहिलंच अक्षर चुकतं. कचेरीतला कारकून अर्ज परत देईलच असं नाही, पण गावाचं नाव चुकीचं कशाला द्यायचं?

आणि कन्नड उमटतंय पण अक्षरं जुळतच नाहीत, य-स-ण असं काही तरी सुरू होतंय? मग कन्नड इन्स्क्रिप्ट चालू नाही, नुडीच्या पद्धतीचा उच्चारानुसारी लेआउट चालू आहे. नुडी हे कन्नड गणक परिषदेचं सॉफ्टवेअर. कर्नाटकातल्या सरकारी कामात त्याचा मोठा वापर आहे, म्हणून आपल्याकडच्या बहुतेक दुकानांत ते असतंच. नुडी, बरह, आयएसएम, श्रीलिपी अशी सॉफ्टवेअरं विंडोजच्या भाषाबदलाला विचारत नाहीत. ती मागे चालू राहतात आणि स्क्रोल लॉक, कॅप्स लॉक किंवा वरच्या एफ ओळीतल्या एखाद्या बटणाने भाषा बदलतात. कुठलं बटण, ते त्यांच्या सेटिंगमध्ये ठरतं. विंडोजमध्ये मराठी आणि वर नुडीही चालू, असं झालं की एकाच बटणावर दोघं हक्क सांगतात आणि अक्षरांची खिचडी होते. घड्याळाशेजारच्या बाणावर क्लिक करून असं काही चालू आहे का बघा आणि एका वेळी एकच ठेवा. नुडीत लिहायचं असेल तेव्हा विंडोज इंग्रजीवर.

हाच नियम काही ऑनलाइन फॉर्मनाही लागतो. नावाच्या रकान्यात इंग्रजीत टाइप करून स्पेस दिली की तिथलं तिथे कन्नड होतं, अशी सोय काही ठिकाणी रकान्यातच बसवलेली असते. तुमचा कीबोर्डही कन्नडवर असेल तर नावाचे तुकडे पडतात. अशा रकान्यात कीबोर्ड इंग्रजीवर ठेवा.

आणखी दोन किरकोळ गोष्टी. ॲट द रेटचं चिन्ह हवं आणि अवतरणचिन्ह उमटतंय, म्हणजे इंग्रजीच आहे पण ब्रिटनचा लेआउट आहे. तिथे ही दोन चिन्हं एकमेकांच्या जागी असतात. इंग्रजी (इंडिया) किंवा अमेरिकेचा लेआउट घ्या. ईमेल पत्ता लिहिताना त्या जागी ॅ आला तर मराठी चालू आहे. इन्स्क्रिप्टमध्ये वरच्या आकड्यांच्या बटणांवर शिफ्टसकट ॅ, त्र, क्ष, ज्ञ अशी अक्षरं बसवली आहेत. आकड्यांवरही लक्ष ठेवा. काही लेआउटमध्ये ते देवनागरी उमटतात, आणि मोबाइल नंबरचा रकाना ते घेत नाही.

जुन्या फाँटची फाइल

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारा प्रकार. मंडळाची जुनी कार्यक्रमपत्रिका, सोसायटीचा अहवाल, कोल्हापूरच्या प्रेसमधून आलेली लग्नपत्रिका. फाइल उघडली की इंग्रजी अक्षरं, मधे मधे डोक्यावर रेघा आणि टिंबं असलेली परदेशी अक्षरं. शब्दांची लांबी मात्र मराठीसारखी. तुमचा कीबोर्ड इथे पूर्ण निर्दोष आहे.

युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. ती रुळायच्या आधी मराठीला संगणकात सगळीकडे चालेल अशी स्वतःची जागा नव्हती. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी, आयएसएमचे फाँट यांनी युक्ती केली: फाइलीत साठवायची इंग्रजीचीच अक्षरं, आणि फाँटमध्ये त्यांच्या जागी क, ख, ग यांची चित्रं काढायची. फाँट असेल तोवर मराठी दिसते. फाँट काढला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. कन्नडमध्ये नुडी आणि बरहच्या जुन्या फाइलींचं तेच. वर प्रत्येक कंपनीची चित्रांची मांडणी वेगळी, म्हणून श्रीलिपीची फाइल कृतिदेवमध्ये टाकली की तिसराच कचरा होतो.

ओळखायची खात्रीची पद्धत: वर्डमध्ये दोन ओळी निवडा, फाँट बदलून एरियल करा. मराठी तशीच राहिली तर मजकूर युनिकोड आहे. रोमन कचरा झाला तर जुना फाँट आहे. लगेच कंट्रोल-झेड करून मागे या.

मग काय करायचं? फक्त छापायचं असेल तर तो फाँट मिळवा. मजकुरावर क्लिक केलं की वर फाँटच्या खिडकीत त्याचं नाव दिसतं, फाँट संगणकात नसला तरी. ज्याने फाइल दिली त्याच्याकडून फाँट मागा, किंवा त्याच्याकडूनच पीडीएफ करून घ्या. पीडीएफमध्ये दिसणं शाबूत राहतं. मात्र त्यातून मजकूर कॉपी केलात तर पुन्हा कचराच हाती येईल.

मजकूर पुढे वापरायचा असेल, ईमेलने किंवा व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल, तर रूपांतर करून युनिकोडमध्ये आणा. त्यासाठी परिवर्तक, म्हणजे कन्व्हर्टर, मिळतात. तुमच्या नेमक्या फाँटचा निवडा. आणि रूपांतर झालं म्हणजे काम झालं असं समजू नका. पहिली वेलांटी, रफार, "ऱ्या"मधला अर्धा र आणि जोडाक्षरं इथे हमखास घसरतात. "दऱ्या"चं "दर्या" होतं, म्हणजे डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. युनिकोडमध्ये हा र हवा असेल तर इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्टसह जे दाबून ऱ आणा, मग डी बटणावरचा हलन्त, मग य. फाइलीत मधे खरे इंग्रजी शब्द असतील तर परिवर्तक त्यांनाही मराठी समजून बदलतो, ते हाताने परत लिहावे लागतात. आकडे आणि आडनावं मूळ कागदाशी ताडून बघा. लग्नपत्रिकेत मामांचं नाव चुकलं तर ते मांडवात ऐकावं लागतं, आणि मी ते ऐकलेलं आहे. तेव्हापासून रूपांतर केलेलं प्रत्येक पान मी मोठ्याने वाचतो आणि दुसऱ्या माणसाला मूळ प्रत हातात देतो.

नवं काम मात्र युनिकोडमध्येच करा. निर्मला यूआय हा फाँट विंडोजसोबतच येतो आणि त्यात देवनागरी व कन्नड दोन्ही आहेत. एकाच पानावर दोन्ही भाषांची सूचना लिहायला तो बरा पडतो. फोटोशॉपमध्ये युनिकोड मराठी टाकल्यावर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे पडत असेल, जोडाक्षरं फुटत असतील, तर मजकुराच्या सेटिंगमधला वर्ल्ड-रेडी पर्याय चालू करा. तेवढ्यासाठी जुन्या फाँटकडे परत जायचं कारण नाही.

प्रश्नचिन्हं, चौकोन आणि एक्सेलचा घोळ

चौकोन दिसले तर मजकूर सुखरूप आहे, ती लिपी दाखवणारा फाँट नाही इतकंच. फाँट घाला.

प्रश्नचिन्हांची रांग दिसली तर मात्र वाईट बातमी असू शकते. युनिकोड न घेणाऱ्या जुन्या पद्धतीत, नोटपॅडमध्ये जिला एएनएसआय म्हणतात, फाइल सेव्ह केली की मराठी अक्षरं कायमची जातात आणि त्यांच्या जागी प्रश्नचिन्हं बसतात. सुरुवातीला सेव्ह करू नका म्हटलं ते यासाठी. फाइल अजून उघडीच असेल तर कंट्रोल-झेड करून बघा, नाही तर मूळ प्रत ज्याच्याकडून आली त्याच्याकडे जा. सेव्ह करताना एन्कोडिंगच्या जागी यूटीएफ-8, म्हणजे युनिकोड साठवायची पद्धत, आहे का ते बघायची सवय लावा.

डोक्यावर तिरपी रेघ असलेला लहान इंग्रजी ए जर पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर मजकूर यूटीएफ-8 आहे पण उघडणारा प्रोग्राम त्याला दुसरंच काही समजतोय. यूटीएफ-8 मध्ये मराठीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटचं असतं. त्यांची तीन वेगळी अक्षरं करून दाखवली की असं होतं. सभासदांची यादी सीएसव्ही फाइलीत आली की एक्सेलमध्ये हे हटकून दिसतं. फाइल डबल क्लिकने उघडू नका. कोरं एक्सेल उघडा, डेटा मेनूतून फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही घ्या आणि फाइल ओरिजिनमध्ये 65001 युनिकोड निवडा. नावं जागेवर येतात.

कीबोर्डच बिघडला असेल तर

यू, आय, ओ दाबल्यावर 4, 5, 6 आणि जे, के, एल दाबल्यावर 1, 2, 3 उमटत असेल तर लहान लॅपटॉपचं नम लॉक चालू आहे. ते बंद करा; काही मॉडेलमध्ये एफएन बटणासह दाबावं लागतं. अक्षर खूप वेळ दाबून धरल्याशिवाय उमटत नसेल तर फिल्टर कीज चालू झाल्या आहेत. उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबून राहिलं की त्या चालू करायची विचारणा येते आणि घाईत माणूस हो म्हणतो. सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटीत जाऊन बंद करा. ठरावीक दोन-चार बटणंच मरतात किंवा आपोआप उमटत राहतात तेव्हा बाहेरचा यूएसबी कीबोर्ड लावून बघा. त्यावर नीट चाललं तर आत धूळ किंवा पाणी गेलंय. आपल्या पावसाळ्यात खिडकीजवळच्या मशीनला हे होतंच.

पुन्हा होऊ नये म्हणून

सेटिंग, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन इथे जा. इंग्रजी, मराठी, कन्नड प्रत्येकी एक लेआउट ठेवा, बाकीचे काढून टाका. कुणी तरी हिंदी, अमेरिकन, ब्रिटिश असं सगळं जोडून ठेवलेलं असतं आणि यादीत सात नावं होतात.

मग विंडोज 11 मध्ये टाइपिंग, ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज उघडा. विंडोज 10 मध्ये हे डिव्हाइसेसखाली आहे. तिथे प्रत्येक ॲपसाठी वेगळी भाषा ठेवायचा पर्याय आहे. वर्डमध्ये मराठी आणि ब्राउझरमध्ये इंग्रजी आपोआप राहते. मला तो आवडतो, पण अगदी नव्या माणसाने महिनाभर बंद ठेवावा, नाही तर खिडकी बदलली की भाषा का बदलली ते कळत नाही. त्याच पानावर इनपुट लँग्वेज हॉट कीज आहे. डावं ऑल्ट आणि शिफ्ट दाबलं की भाषा बदलते, ती बरेचदा चुकून. ते नॉट असाइन्ड करा. विंडोज-स्पेसबार एवढा एकच रस्ता पुरतो.

लॉगिनच्या पडद्याचं वेगळं सांगावं लागतं. कंट्रोल पॅनेलमध्ये रीजन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह, कॉपी सेटिंग्ज. तिथून तुमची मांडणी वेलकम स्क्रीनला लागू करा, तेव्हा यादीत इंग्रजी सगळ्यात वर असू द्या. पासवर्डात इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडेच ठेवा.

मोबाइलवर पृथ्वीगोलाचं बटण किंवा स्पेसबार दाबून धरला की भाषांची यादी येते. मॅकवर कंट्रोल-स्पेस, उबंटूवर विंडोजसारखंच सुपर-स्पेस. कचरा ओळखायची रीत तिथेही हीच.

शेवटी एक चिठ्ठी लिहून मॉनिटरच्या खालच्या पट्टीला चिकटवा. आमच्या सेंटरात प्रत्येक मशीनवर आहे: "बसल्यावर कोपरा बघा. नुडी बंद आहे का बघा. नोटपॅडमध्ये बेळगाव लिहा. उठताना इंग्रजीवर ठेवून उठा."